पाककृतीत नसलेला पदार्थ

जर्मन रोमँटिक कवितेच्या इतिहासात युस्टिनुस केर्नर (१७८६–१८६२) या कवीच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. लुडविग उलांडचा मित्र, श्वाबेन प्रांतातील कविमंडळाचा एक आधार, लोकगीतांच्या वळणाची कविता लिहिणारा आणि भुताखेतांच्या गोष्टींत रमणारा एक वैद्य, एवढ्यावर त्याची बोळवण होते. संगीताच्या जाणकारांना तो थोडा अधिक ठाऊक असतो, कारण १८४० मध्ये रॉबर्ट शूमानने त्याच्या १२ कवितांना चाली दिल्या. आम्ही वर्गात रोमँटिसिझम शिकवतो तेव्हा वर्ड्स्वर्थ, कोलरिज, झालेच तर नोव्हालिस आणि होल्डरलिन इथपर्यंत पोचतो. केर्नरपर्यंत आमची मजल कधी गेली नव्हती.

तो आम्हांला भेटला तो निराळ्याच वाटेने. अन्नातून होणाऱ्या विषबाधांचा इतिहास चाळत असताना बोट्युलिझम या रोगाच्या अगदी आरंभी हे नाव दिसले. प्रथम वाटले, नामसाधर्म्य असेल. मग साल जुळले, गाव जुळले आणि लक्षात आले की सॉसेजमधील विषाचा पहिला पद्धतशीर अभ्यास करणारा डॉक्टर आणि शूमानचा कवी ही एकच व्यक्ती आहे. साहित्याच्या इतिहासकारांनी यातल्या वैद्याला तळटीपेत ढकलले आणि वैद्यकाच्या इतिहासकारांनी कवीला. या दोन तळटीपा एकत्र वाचल्या तर काय हाती लागते, हे पाहण्याचा येथे विचार आहे. आम्ही साहित्याचे अध्यापक. वैद्यकातला आमचा अधिकार शून्य. पण हा प्रश्न अखेरीस वाचनाचा आणि वर्णनाचा आहे असे आम्हांला वाटते, म्हणून हे धाडस.

१

अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण जर्मनीतील वुर्टेम्बर्ग राज्यात एक विलक्षण आजार वारंवार डोके वर काढू लागला. खेड्यापाड्यांत डुक्कर कापले की त्यातले काही वाया घालवायचे नाही, हा गरिबीचा नियम. रक्त, यकृत, चरबी, पाव, मीठ, मिरी असे सारे एकत्र कालवून ते आतड्यांत, कधी अख्ख्या जठरात ठासून भरायचे, पाण्यात उकळायचे आणि मग धुरी देऊन टिकवायचे. ही सॉसेजे पुढे बरेच दिवस पुरवून पुरवून खाल्ली जात. १७९३ मध्ये विल्डबाड येथे जठरात भरलेल्या अशाच एका रक्तसॉसेजने १३ जण आजारी पडले आणि त्यांतले ६ दगावले. नेपोलियनच्या काळातील युद्धांनी ग्रामीण भागाला आणलेले दारिद्र्य आणि त्यापायी अन्न तयार करताना होऊ लागलेली हयगय यांच्याशी अभ्यासक या वाढत्या घटनांचा संबंध जोडतात.

१८०२ मध्ये स्टुटगार्टच्या सरकारने धुरावलेल्या रक्तसॉसेजच्या धोक्याविषयी लोकांना सावध केले. विद्वानांनी कारणे शोधायला सुरुवात केली. सॉसेज फुटू नये म्हणून घरच्या बायका ते पुरेसा वेळ उकळत्या पाण्यात ठेवत नाहीत, असा ठपका ट्यूबिंगेनच्या वैद्यकपंडितांनी ठेवला. १८११ मध्ये सरकारच्या गृहखात्याने प्रुसिक आम्लावर संशय घेतला. म्हणजे एकीकडे दोषी गृहिणी आणि दुसरीकडे दोषी रसायन. दोन्ही उत्तरे तयार होती. ज्याने हे अन्न खाल्ले त्या माणसाचे नेमके काय झाले, याची सविस्तर नोंद मात्र कोणापाशी नव्हती.

ती नोंद केर्नरने केली. तो ट्यूबिंगेन विद्यापीठात वैद्यक शिकला. तेथे आउटेनरीट हा त्याचा गुरू, आणि १८०६ मध्ये वेड लागलेल्या होल्डरलिनला दाखल केले गेले ते याच आउटेनरीटच्या रुग्णालयात. विद्यार्थिदशेतल्या केर्नरने तेथे या महाकवीला रुग्ण म्हणून जवळून पाहिले. पुढे लहान गावांतून वैद्यकी करत तो १८१९ मध्ये वाइन्सबेर्ग येथे सरकारी वैद्य म्हणून स्थिरावला. सॉसेजच्या विषबाधेवरचे त्याचे पहिले टिपण १८१७ चे. १८२० मध्ये त्याने ७६ रुग्णांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या आणि १८२२ च्या ग्रंथात ही संख्या १५५ वर गेली.

या हकीकतींतून रोगाचे जे चित्र उभे राहते, त्यात आजच्या डॉक्टरांनाही फारसा बदल करावा लागत नाही. आधी पोटात कालवते, उलट्या होतात. मग तोंडाला कोरड पडते, डोळ्यांतले पाणी आटते. एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, पापण्या जड होऊन खाली येतात, बाहुल्या विस्फारतात आणि उजेडाला दाद देत नाहीत. घास गिळवत नाही, आवाज बसतो. हातापायांतले बळ जाते. शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. आणि हे सारे होत असताना रुग्णाची शुद्ध हरपत नाही. त्याला सर्व समजत असते. केर्नरने यातून एक निष्कर्ष काढला: हे विष मेंदूच्या विचारशक्तीला हात लावत नाही, ते मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा हुकूम अडवते. मज्जातंतूतून काय वाहते, हेच ज्या काळी नीट ठाऊक नव्हते त्या काळातले हे विधान आहे.

२

यापुढचा त्याचा प्रश्न अगदी साधा होता. विष सॉसेजमध्ये आहे, पण सॉसेजमधल्या कशात आहे?

त्याने विषबाधा घडवणाऱ्या सॉसेजांच्या पाककृती गोळा केल्या आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. कशात रक्त होते, कशात नव्हते. कशात यकृत, कशात मेंदू, कशात पाव. मिरी, धणे, आले यांचे प्रमाण घरागणिक वेगळे. जो पदार्थ सर्व घातक सॉसेजांत नाही तो गुन्हेगार असू शकत नाही, या न्यायाने त्याने एकेक नाव खोडले. शेवटी दोनच नावे उरली: चरबी आणि मीठ. मीठ निरपराध आहे हे सर्वांना ठाऊक. तेव्हा दोषी चरबीच, ती कुजताना तिच्यात एक घातक आम्ल तयार होत असले पाहिजे, असे त्याने ठरवले. ग्रंथाचे नावही त्याने त्यावरूनच ठेवले. ‘चरबीचे विष’ हे त्याचे मराठी रूप होईल.

हा युक्तिवाद आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. त्यात तर्काची चूक सापडत नाही. यादीतील प्रत्येक नावाची तपासणी झाली, पुराव्याविरुद्ध काही गृहीत धरले गेले नाही. तरीही उत्तर चुकले, कारण खरा गुन्हेगार यादीतच नव्हता. तो कोणत्याही गृहिणीने सॉसेजमध्ये घातलेला नव्हता. तो पाककृतीत नसलेला पदार्थ होता.

नवल असे की केर्नर त्याच्या अगदी दारापर्यंत जाऊन पोचला होता. हवा न लागणाऱ्या ठिकाणीच हे विष तयार होते, हे त्याने ओळखले होते. सॉसेजे पुरेशी उकळावीत, मोकळ्या हवेत ठेवावीत, बिघडलेली ओळखून टाकून द्यावीत, असा सल्ला तो देत होता. सॉसेजचा अर्क त्याने मांजरे, ससे, पक्षी, बेडूक, गोगलगायी, माश्या, टोळ अशा नाना जीवांना देऊन पाहिला. काही थेंब त्याने स्वतःच्या जिभेवर घेतले आणि स्वतःत उमटलेली सौम्य लक्षणे नोंदवली. अत्यल्प मात्रेत हेच विष अनावर हालचालींच्या विकारांवर औषध म्हणून उपयोगी पडेल, असे भाकीतही त्याने केले. प्रयोगशाळेत हे विष कृत्रिमरीत्या तयार करणे मात्र त्याला साधले नाही. आज मागे वळून पाहता या अपयशातच मोठी सूचना दडलेली होती असे म्हणावेसे वाटते. पण ती वाचण्यासाठी लागणारी लिपी अजून जन्मायची होती.

३

ती लिपी पुढच्या पन्नास वर्षांत तयार झाली. हवेतल्या प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव असतात, हे १८६१ मध्ये पाश्चरने दाखवले. १८७६ मध्ये फर्डिनांड कोन आणि रॉबर्ट कोख यांनी जिवाणूंच्या बीजाणूंचे वर्णन केले. काही जिवाणू परिस्थिती प्रतिकूल होताच आपला सारा ऐवज एका कठीण, जवळजवळ निर्जल कवचात बंद करून घेतात. या अवस्थेत ते खात नाहीत, वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. काळ अनुकूल झाला की कवच फोडून पुन्हा बाहेर येतात.

आणि मग १८९५ चा डिसेंबर. बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीला वाद्ये वाजवायला आलेल्या मंडळींना जेवणात खारवलेले डुकराच्या मांडीचे मांस, म्हणजे हॅम, वाढले गेले. ते शिजवलेले नव्हते. त्या ३४ जणांच्या मंडळीतले अनेक आजारी पडले, ३ जण मरण पावले आणि सुमारे १० जण मरणाच्या दारातून परतले. बुबुळे विस्फारलेली, पापण्या उतरलेल्या, गिळणे बंद, शुद्ध कायम: केर्नरने लिहून ठेवलेलेच हे चित्र. गेंट विद्यापीठातील एमिल व्हान एर्मेंगेम याने त्या हॅममधून आणि मृताच्या शरीरातून एक जिवाणू वेगळा काढला, आणि १८९७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सॉसेजसाठी असलेल्या ‘बोटुलुस’ या लॅटिन शब्दावरून जिवाणूचे नाव पडले. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. त्याच डुकराचे दुसरे हॅम खाणाऱ्यांना काही झाले नव्हते. घातक हॅम पिंपाच्या तळाशी, खाऱ्या पाण्यात बुडालेले होते. दुसरे वर, हवेत होते.

आता वुर्टेम्बर्गच्या त्या स्वयंपाकघरात पुन्हा डोकावून पाहावे. या जिवाणूचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात. मातीतून ते जनावराच्या अंगावर, आतड्यात, तेथून मांसात येतात. सॉसेज उकळले की त्यातले बहुतेक जिवाणू मरतात, पण हे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरू शकतात. उलट उकळण्याने त्यांचे प्रतिस्पर्धी नाहीसे होतात आणि मांसातला प्राणवायूही निघून जातो. ठासून भरलेल्या जठराच्या मध्यभागी हवा पोचत नाही. मीठ असते, पण त्यांना रोखण्याइतके नसते. मग बीजाणू उमलतात, वाढतात आणि वाढताना विष तयार करतात. म्हणजे ज्या गृहिणीवर पंडितांनी ठपका ठेवला, तिने घरच्या भांड्यात कितीही वेळ सॉसेज उकळले असते तरी बीजाणूंच्या बाबतीत तिला हमी मिळाली नसती. विषाची गोष्ट मात्र वेगळी. बीजाणू जितका चिवट तितके विष उष्णतेपुढे दुबळे. ८५ अंश सेल्सियसला ५ मिनिटांत ते निकामी होते. तयार सॉसेज खाण्यापूर्वी पुन्हा नीट उकळले असते, तर कित्येक जीव वाचले असते. दोष हाताचा नव्हता. धोका नेमका कोणत्या क्षणी निर्माण होतो आणि कोणत्या क्षणी टाळता येतो, हे ज्ञानच कोणाला नव्हते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९०४ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे डबाबंद पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांच्या कोशिंबिरीने २१ जण आजारी पडून ११ मेले आणि हा रोग मांसाचाच आहे ही समजूत कोसळली. १९२२ मध्ये अमेरिकेत एस्टी आणि मायर यांनी बीजाणू मारायला किती उष्णता किती वेळ लागते याचे मोजमाप केले. १२१ अंशांना सुमारे ३ मिनिटे हा डबाबंद अन्नाच्या धंद्याचा दंडक त्यातूनच आला. साध्या उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून तेथे दाबाखालच्या वाफेचे यंत्र लागते. विष स्नायूला हुकूम पोचवणाऱ्या अॅसिटिलकोलीन या द्रव्याला मज्जातंतूच्या टोकातून बाहेरच पडू देत नाही, हे १९४९ मध्ये सिद्ध झाले. आणि १९८९ मध्ये अमेरिकेत हेच विष अतिसूक्ष्म मात्रेत डोळ्यांच्या स्नायूंच्या विकारांवर औषध म्हणून मान्य झाले. बोटॉक्स या नावाने आज ते सर्वांना माहीत आहे. केर्नरचे भाकीत खरे ठरायला १६७ वर्षे लागली.

ही कथा परदेशातल्या सॉसेजची आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपल्या लोणच्यावर तेलाचा तवंग असावा लागतो, हे घरोघरी सांगितले जाते. तेल बुरशीला दूर ठेवते हे खरे; पण या जिवाणूला हवा नकोच असते, तेव्हा त्याच्यापासून आपल्याला वाचवतात ते कैरीलिंबाचा आंबटपणा आणि भरपूर मीठ. आंबटपणा नसेल तर काय होते हे १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे दिसले. तेलात ठेवलेल्या लसणामुळे तेथे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. दुसरा संबंध अधिक नाजूक आहे. नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत आपल्या अनेक घरांत आहे. मधात जिवाणू वाढत नाही, पण त्याचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातले इतर जिवाणू त्यांना वाढू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती राखण अजून उभी राहिलेली नसते, आणि तेथे बीजाणू उमलून विष तयार करू शकतात. अर्भकांचा हा बोट्युलिझम १९७६ मध्ये ओळखला गेला. म्हणून एक वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. मध चाटवणाऱ्या आजीच्या हाताला दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. पण वुर्टेम्बर्गच्या गृहिणीला जे कळणे शक्य नव्हते ते आपल्याला कळलेले आहे, हा फरक आपण विसरू नये.

४

केर्नरची कथा येथे संपवली असती, तर ती एका द्रष्ट्या वैद्याचा गौरव होऊन बसली असती. पण १८२६ मध्ये प्रेफोर्स्ट गावची फ्रीडरिके हाउफे नावाची आजारी तरुणी उपचारांसाठी वाइन्सबेर्गला आली. तिला मृतात्मे दिसत, ती त्यांच्याशी बोले. केर्नरने तिचीही तशीच बारकाईने निरीक्षणे केली, हकीकती लिहिल्या, आणि १८२९ मध्ये ‘प्रेफोर्स्टची द्रष्टी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो अफाट गाजला. त्यात मृतात्मे हे निरीक्षणाचे विषय म्हणून येतात आणि लेखक त्यांना मान्यता देतो.

सात वर्षांच्या अंतराने लिहिलेली ही दोन पुस्तके. नजर तीच, चिकाटी तीच, रुग्णाविषयीचा जिव्हाळाही तोच. मग एक पुस्तक आजही खरे वाटते आणि दुसरे एका काळाचा दस्तऐवज म्हणून उरते, असे का? आम्हांला सुचते ते कारण असे. सॉसेजच्या अभ्यासात केर्नरसमोर त्याला नकार देऊ शकणारे काहीतरी सतत होते. ज्या पाककृतीत यकृत नव्हते तिनेही माणूस मेला, की यकृताचा तर्क सोडावा लागे. अर्क पोटात गेलेले मांजर वैद्याच्या मताची पर्वा करत नसे. प्रेफोर्स्टच्या प्रकरणात हा नकार देणारे कोणी उरले नव्हते. तिचे बोलणे हाच पुरावा होता आणि तिचे बोलणे हाच निष्कर्षही. म्हातारपणी दृष्टी मंदावल्यावर केर्नर कागदावर पडलेल्या शाईच्या डागांना घडी घालून त्यांतून आकृत्या काढी आणि त्यांवर कविता लिही. ती पुस्तकरूपाने १८९० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आली. तेथे निदान हा खेळ आहे याची जाण लिहिणाऱ्याला आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना यात आपला चेहरा दिसावा. आम्हीही कलाकृतीच्या घटकांची यादी करतो: काळ, भाषा, वर्ग, लेखकाचे चरित्र. एकेक नाव खोडत जातो आणि जे शेवटी उरते त्यावर सारा भार टाकतो. यादीतच नसलेले काही तेथे वाढत असेल, ही शक्यता आमच्या मनात क्वचित येते. आणि याहून घातक असते ते दुसरे वाचन, ज्यात संहिता आम्हांला कधी नकारच देत नाही.

केर्नरचा सिद्धान्त चुकला, तरी त्याच्या १५५ हकीकती वाया गेल्या नाहीत. याचे श्रेय त्याच्या लिहिण्याच्या रीतीला द्यावे लागते. त्याने चरबीच्या विषावर विश्वास ठेवला, पण रुग्णाची लक्षणे लिहिताना ती त्या विश्वासाला जुळावीत म्हणून वाकवली नाहीत. पापणी उतरली तर उतरली एवढेच लिहिले. त्यामुळे सत्तरहून अधिक वर्षांनी, जिवाणूशास्त्राचा नवा अर्थ हाती आल्यावरही, त्या नोंदी जशाच्या तशा वाचता आल्या. वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना मत मांडायला शिकवतो आणि ते शिकवायलाच हवे. त्याआधी समोरच्या पानावर काय आहे ते मताविना लिहून काढायला शिकवावे, आणि आपणही शिकावे, असे केर्नरच्या या जुन्या ग्रंथाविषयी वाचल्यापासून आम्हांला वाटू लागले आहे.